शाळेपर्यंतचे तीनशे चाळीस फेरे

मित्रांनो, मी रस्ता मोजण्याचे एक जुने चाक आहे. माझा दांडा लाकडी, कडेची धाव लोखंडी. माझा एक फेरा म्हणजे सहा फूट. दर फेऱ्याला माझ्यावरचा आकडा ‘टक्’ करून पुढे सरकतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामात मी क्लिऑन नावाच्या काळ्या रस्ताकामगाराच्या हाती होते. त्याची मुलगी व्हर्डेल गोऱ्यांच्या शाळेवरून पुढे चार मैल चालत काळ्यांच्या शाळेत जाई. तिथे अंतर कोणी मोजतच नसे. वेगळ्या शाळा कायद्यातच लिहिल्या होत्या.

१९५४ साली आम्ही उत्तरेला, ओहायोत आलो. इथल्या कायद्यात तसे काही नव्हते. तरी शिक्षण मंडळाचे पत्र आले: ‘प्रवेश फक्त अंतरावर. तुमच्या घराला जुनी शाळा जवळ, नवी लांब.’ त्या गळक्या जुन्या शाळेत सगळी मुले काळी होती, नवीत सगळी गोरी.

“अंतरावर ना? मग मोजू या, बाबा,” नऊ वर्षांची व्हर्डेल म्हणाली.

जुनी शाळा अकराशे फेऱ्यांवर निघाली. मग आकडा शून्यावर आणून आम्ही घरापासून नव्या शाळेकडे निघालो. रस्ता गोऱ्यांच्या वस्तीतून जात होता. दोनशे बाराव्या फेऱ्याला एका माणसाने माझ्यासमोर बूट रोवला.

“ए, हे चाक फिरवून काय पेरतोयस इथं?”

मला उचलून बाजूने नेले असते, तर मोजणी तुटली असती. क्लिऑनने मला उचलले नाही.

“शाळा मोजतोय, साहेब,” व्हर्डेल म्हणाली. “तुमचा पाय दोनशे बारावर आहे. तसं लिहून घेऊ?”

मागच्या खिडकीतून कोणीतरी फसकन हसले. मग बूट सरकला.

टक्.

नव्या शाळेच्या दारात आकडा होता तीनशे चाळीस.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “जुनाट चाक आहे. चुकत असेल.”

“मग तुम्ही फिरवून बघा.” व्हर्डेलने माझा दांडा पुढे केला.

अध्यक्षांनी हात खिशात घातले.

क्लिऑनने दावा लावला, पण मंडळाने आखलेला शाळांच्या हद्दींचा नकाशा न्यायालयाने रद्द करेपर्यंत दोन वर्षे गेली. तोवर व्हर्डेलला जुन्या शाळेत न पाठवता तो स्वयंपाकघरात शिकवत राहिला. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी ती मला ढकलत निघाली. दारात वाकून तिने आकडा वाचला. तीनशे चाळीस. शाळा इंचभरही सरकली नव्हती.

आता मी अडगळीत गंजते आहे. मित्रांनो, मला थोडे तेल द्या. आणि तुमची जागा लांब आहे असे कोणी सांगितले, तर मान डोलावण्याआधी मला एकदा फिरवून बघा.