खुर्चीखालची खोटी सावली

मी सावली बोलतेय. झाडाची नव्हे, माणसाची तर नव्हेच. संगणकावर तयार केलेली, एका लाकडी खुर्चीच्या फोटोतली. माझ्यामागे ना सूर्य, ना दिवा. म्हणूनच की काय, जन्मापासून माझा जीव टांगणीला लागलेला आहे.

एका वृद्धाश्रमाला नव्या खुर्च्या हव्या होत्या. व्यवस्थापकबाईंनी सुताराकडे नमुन्याचा फोटो मागितला. काम मिळालं तर वर्षभराची चिंता मिटणार होती. पण फोटोत खुर्चीमागे भुसा, फळ्या आणि सुताराचा वाळत घातलेला बनियन. त्याच्या बायकोने ते सगळं काढून मागे पांढरंशुभ्र केलं, तर खुर्ची अधांतरी लटकली. मग तिने खुर्चीचीच नक्कल घेऊन ती काळी केली, आडवी पाडली, कडा धूसर केल्या, रंग फिका केला. ती नक्कल म्हणजे मी.

घाईत एक घोळ झाला. पुढच्या पायांना मी चिकटले, पण मागच्या डाव्या पायापासून जराशी दूरच राहिले. तेवढ्यात बायको दूध उतू जाईल म्हणून आत पळाली आणि सुतार संगणकाच्या पडद्यासमोर आला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा पाय टेकतच नाहीये," तो पुटपुटला.

माझं धाबं दणाणलं. अहो, पाय ठीक आहे, मी चुकलेय! पण सावलीचं कोण ऐकतंय?

उघड्या दारातून मला त्याचा कारखाना दिसत होता. त्याने खुर्ची जमिनीवर ठेवून हलवून पाहिली. ती ढिम्म हलली नाही. काम हातचं जाण्याची धास्ती इतकी, की शहाण्याने 'जमीनच खालीवर असेल' म्हणत दोष जमिनीलाच दिला आणि 'आखूड' पायाच्या शेजारचे दोन्ही पाय कानशीने घासले.

इकडे बायकोने परत येऊन मला ओढून पायाशी नीट टेकवलं आणि फोटो बाईंना पाठवून दिला. सुतार हात पुसत आला, पडद्याकडे बघून खूश झाला. "बघ, दोन पाय घासले, कशी झकास बसली."

तिने पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं. "अहो, मी फक्त सावली सरकवली."

दोघं धावत कारखान्यात गेली. खुर्ची आता खरोखरच डुगडुगत होती. दुरुस्तीला हात घालणार, तोच फोटो आवडल्याचं सांगत बाई दारात हजर. सोबत आश्रमातले एक आजोबा. ते काठी टेकत थेट खुर्चीकडे निघाले. बायकोने पदराचं टोक मुठीत धरलं. गप्प राहावं तर म्हातारा पडेल, बोलावं तर काम जाईल.

सुताराने पुढे होऊन खुर्चीची पाठ धरली. "आजोबा, बसू नका. फोटोतल्यासारखी राहिली नाही ही." मग त्याने सगळं सांगितलं.

बाईंनी मोबाइलमध्ये मला पाहिलं, मग खुर्चीला पाहिलं. "कळवते," एवढंच म्हणून त्या आजोबांना घेऊन गेल्या.

सुताराने चारही पाय पुन्हा सारखे केलेत. खुर्ची बोटभर बुटकी झाली, पण आता पक्की उभी आहे. निरोप अजून आलेला नाही. फोन वाजला की दोघं एकमेकांकडे बघतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बाई, मी अजून तुमच्या मोबाइलमध्ये आहे. माझ्याकडे बघून काही ठरवू नका. मला खुशाल पुसून टाका, पण एकदा परत या आणि त्या खुर्चीवर बसून बघा.