सिस्टरच्या फोनवरून

तिने मशीनमधून पहिली चादर ओढली आणि चादरीच्या मागोमाग फरशीवर खाडकन पडला तो तिचा स्वतःचा फोन. लोकांचे खिसे तपासण्यात जिचा जन्म गेला, तिच्याच हातून हे व्हावं! गिऱ्हाइकांच्या पँटींमधून आजवर काय काय निघालं नव्हतं. किल्ल्या, कानातली, एकदा तर अख्खी दातांची कवळी. आणि आज स्वतःचा एप्रन मात्र तिने न चाचपता चादरींबरोबर आत टाकला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने फोन पुसला, झटकला, पुन्हा पुसला. पडदा काळा तो काळाच.

पार्टिशनच्या पलीकडून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स फुस्स आवाज येत होता. तिकडे नवरा कामात होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला, तेव्हापासून तो पार्टिशनमागून मेसेज पाठवायचा आणि ती काउंटरवरून तोंडाने उत्तर द्यायची. लॉन्ड्री चालली होती, तक्रारीला जागा नव्हती. पण काय ते मेसेज! ‘निळा कोट झाला.’ ‘हँगर संपले.’ ‘जेवायला येतो.’ एके काळी याच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की शर्ट न्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर हलायचं नाही. दुखणंच तसं होतं, माणूस मिटून जाणारच, असं ती मनाला समजवायची. म्हणून स्वतःही जपून बोलायची. चिडवणं नाही, थट्टा नाही, आवाज चढवणं तर नाहीच.

"अहो, मी जरा समोर जाऊन येते. फोन भिजलाय," ती म्हणाली.

पार्टिशनच्या वर त्याचा हात आला आणि हलला. जा.

समोरच्या मोबाइलवाल्याने फोन उघडला, आत फुंकर मारली आणि मान हलवली.

"वहिनी, धुवायला टाकलात की काय?"

"धुतला. पिळलासुद्धा."

"मग इस्त्रीच काय ती राहिली. गेला हा. सिमकार्ड तेवढं वाचलंय."

"फोन मेला तर मरू दे हो, भाऊजी. मेसेजचं काय?"

"तुमच्या भाचीनं मागे काही चालू करून दिलं होतं का?"

"कसलीशी सेटिंग. म्हणाली, मावशी, आता फोन विहिरीत पडला तरी चिंता नाही."

"शहाणी आहे पोरगी. मग तुमच्या मेसेजची एक नक्कल क्लाउडवर असणार. म्हणजे कसं, आपल्याकडे जागा नाही म्हणून चार डबे दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवायचे. लागले की उतरवून घ्यायचे."

"आणि त्यानं दिले नाहीत तर?"

"पासवर्ड बरोबर सांगितला की मुकाट देतो."

पासवर्ड कुणाच्या बापाला आठवतोय! मोबाइलवाल्याच्या फोनवरून भाचीला विचारून झालं, तिच्याकडून दोन बोलणी खाऊन झाली, तेव्हा कुठे तिथेच विकत घेतलेल्या नव्या फोनच्या पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. ती स्टुलावर बसली. चक्रावरची नजर काही हटेना.

"एवढा कुठला मेसेज आहे?" त्याने विचारलं.

"एक आहे. वाचायचा राहिलाय."

"कधीचा?"

"ह्यांच्या ऑपरेशनच्या दिवशीचा."

मोबाइलवाल्याचा स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. वहिनींचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याला काय सांगणार? त्या सकाळी ती हॉस्पिटलात पोचायच्या आत नवऱ्याला आत नेलं होतं. त्याचा फोन, घड्याळ, चष्मा सगळं आदल्या रात्रीपासून हिच्या पिशवीत. बाकावर टेकते न टेकते तोच अनोळखी नंबरावरून मेसेज आला. वर दिसली ती एकच ओळ, ‘मीच आहे, सिस्टरच्या फोनवरून. एक सांगायचं राहिलं...’ पुढचं उघडल्याशिवाय दिसणार नव्हतं आणि तिने उघडलं नाही. निरोपाचं काही असलं तर? वाचला की तो खरा ठरेल, असं मनाने घेतलं. वेडेपणा म्हणा, पण त्या बाकावर बसून शहाणपणा सुचतो कुणाला?

पुढे नवरा वाचला, घरी आला. आता उघडायला काय हरकत होती? हरकत अशी की, आवाज असताना त्याने तिला सांगितलेली ती शेवटची गोष्ट होती. ती उघडली नाही तोवर त्याचं काहीतरी बोलायचं शिल्लक होतं. कधी घर फार सुनं वाटलं की ती नुसती ती एक ओळ पाहायची आणि फोन ठेवून द्यायची.

चक्र थांबलं. मेसेज यायला लागले, नवे आधी, जुने मागून. निळे कोट आले, हँगर आले, जेवायला येतो आलं. मग सगळ्यांच्या खाली तो अनोळखी नंबर आला. पण त्याची अक्षरं आता ठळक नव्हती.

"हा तर वाचलेला दिसतोय," मोबाइलवाला म्हणाला.

"मी नाही हो वाचला!"

"नकलेतून आलेले सगळे तसेच दिसतात, वहिनी. मशीनला काय कळतंय?"

इतकी वर्षं जपलं आणि शेवटी वाचलेल्यांच्या ढिगात जमा झालं. मग राखायचं तरी काय उरलं होतं? तिने बोट ठेवलं.

‘मीच आहे, सिस्टरच्या फोनवरून. एक सांगायचं राहिलं. आवाज जाईल तो जाऊ दे. तू मला रेडिओ म्हणायचं सोडू नकोस. शुद्धीवर आलो की पहिली हाक तीच मार. जपून बोलायला लागलीस तर मी समजेन, मी तुझा नवरा राहिलो नाही, पेशंट झालो. सिस्टर फोन मागतेय. घाबरू नकोस.’

तिने दुसऱ्यांदा वाचलं. तो शुद्धीवर आला तेव्हा ती त्याच्यावर वाकली होती आणि अगदी हळू म्हणाली होती, "बोलू नका हं. आराम करा." त्याने तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं होतं आणि मग डोळे मिटून घेतले होते. तिला वाटलं होतं, औषधाची गुंगी.

"वाईट काही आहे का?" मोबाइलवाल्याने विचारलं.

"नाही हो. माझंच डोकं फिरलं होतं, दुसरं काय," ती म्हणाली आणि तिथेच, स्टुलावर, रडली. तो बिचारा एका हाकेची वाट पाहत पार्टिशनमागे उभा राहिला आणि ही बया त्याला जपत बसली!

ती परत आली तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई काउंटरशी ताटकळत होत्या. पार्टिशनमागे वाफ चालूच होती. तिने घसा खाकरला. एवढासा शब्द, पण जिभेवर येईना. इतक्या उशिरा तो त्याच्या जिव्हारी लागला तर? तिने काउंटरची कड धरली.

"ओ रेडिओ!"

वाफ थांबली.

"आज स्टेशन लागत नाही का? बाईंचा कोट कुठाय?"

"अहो, असं काय बोलता त्यांना!" बाई कळवळून पुटपुटल्या.

तो बाहेर आला. बाईंचा नुकता इस्त्री केलेला कोट त्याने छातीशी असा घट्ट धरला होता की त्याचा चोळामोळा झाला होता.

"सिस्टरच्या फोनवरचं आत्ता वाचलं," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "आत्ता, खरंच. तेव्हा उघडलंच नव्हतं. भ्याले होते मी."

त्याने कोट काउंटरवर टाकला, खिशातून फोन काढला आणि खाली मान घालून टाइप करायला लागला.

तिचा नवा फोन वाजला. ‘वेंधळी!’

पुन्हा वाजला. मग पुन्हा. पहिला वाचून व्हायच्या आत पुढचा येत होता. त्याचे खांदे हलत होते, डोळे वाहत होते, आणि अंगठे काही थांबायला तयार नव्हते.

"माझा कोट..." बाई म्हणाल्या.

तिने पदराने तोंड पुसलं आणि बाईंकडे खुर्ची सरकवली.

"बसा हो बाई. आता हे लवकर बंद व्हायचे नाहीत."