फुग्याचा आवाज

“आता जे सांगतो ते कुणालाबी खरं वाटायचं न्हाई,” तळ्याच्या काठावर कमरेला हात लावून येडबा म्हणाला. “काल सांजंला फुग्या असा वरडला, असा वरडला, की तिकडं चुडाव्याच्या टेसनात मास्तरनं हिरवी झेंडी दाखवली! गाडीची शिट्टीच समजला त्यो.”

सरपंच बन्सीधर पोट धरून हसले. त्यांच्यामागे जेसीबी घरघरत होता, बोरीजवळच्या या तळ्यातला गाळ उपसायला आलेला.

फुग्या म्हणजे टम्म फुगणारा बेडूक. वर्षातले दहा महिने गाळात झोपायचा, पाणी पडलं की वर येऊन करडासारखा ओरडायचा. परभणीची सृष्टी त्याच्या अभ्यासापायी तीन पावसाळे या तळ्यावर खेटे घालत होती. शेळ्या चारता चारता येडबा तिच्याबरोबर चिखलात उतरायचा, बेडूक ओंजळीत धरायचा, मोजून झाला की अलगद सोडायचा. गावानं जन्मभर ज्याला थापाड्या म्हटलं, त्याचं नाव तिनं वहीत ‘सहायक’ म्हणून लिहिलं होतं.

सरपंचांनी तिला शब्द दिला होता, की यंदा फुग्याचा आवाज ऐकवा, गाळाला हात लावणार नाही.

आणि यंदा पाऊस पडून गेला तरी तळं मुकं होतं. का, ते एकट्या येडबाला ठाऊक.

त्याआधी पाऊस लांबला तशा गावातल्या बाया धोंडी मागायला निघाल्या. मुसळाला लिंबाचा पाला नि बेडूक बांधून दारोदार पाणी मागायचं. त्यातली दगडाबाई येडबाकडं आली. “आबा, एक बेडूक द्या की. कुठं दडत्यात ते तुमालाच ठावं.”

एवढा मान कुणी दिला होता? त्यानं गाळ उकरून फुग्या काढून दिला. मग दुसरी आळी आली, मग वाडीच्या बाया आल्या. सात मुसळं, सात फुगे. “सांजच्याला सोडतो, आबा,” म्हणाल्या होत्या. सांजच्याला मुसळावर वाळलेल्या चामड्याचे तुकडे तेवढे लोंबत होते. ते सोडवता सोडवता येडबानं मोजले. गेल्या साली सृष्टीनं नि त्यानं मिळून तळ्यात मोजले होते, तेही सातच.

आता काठावर उभ्या सृष्टीनं कालपासून बाभळीवर लावलेला आवाज टिपणारा डबा काढला, बटण दाबलं.

“बेंऽऽ... बेंऽऽ...”

सरपंचांचा आ वासलेलाच राहिला. “आयला! थापाड्या जिंदगीत पयल्यांदा खरं बोलला की! ए, घे रे मशीन मागं!”

जेसीबी हलला. येडबानं मिशीवर हात फिरवला.

सृष्टीचे डोळे भरून आले होते. पुढचं नीट ऐकावं म्हणून तिनं तारा कानात घातल्या. हसता हसता ती एकदम थांबली. पुन्हा मागं नेऊन ऐकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं येडबाकडं पाहिलं. तो तळ्याकडं बघायला लागला.

ती गप्प बसली असती, तर मशीन गेलंच होतं.

“थांबा, दादा,” तिनं ड्रायव्हरला हात केला. “पुढं शेळी ओरडते, सरपंच. आणि फुग्या तिला म्हणतो, ‘गप, चंद्रे!’ हा फुग्या नाही. हे आमचे येडबामामा आहेत.”