लगबगचा नंदी

मी एक जुना लाकडी नंदी आहे. चार चाकं, गळ्यात घुंगरांची माळ, एक शिंग जरा वाकडं. मित्रांनो, तान्ह्या पोळ्याला तुम्ही दोरीने ओढता तसाच, फक्त गोऱ्ह्याएवढा मोठा. माझ्या पोटात एक माणूस गुडघे जवळ घेऊन बसू शकतो आणि मी त्याला हव्या त्या काळात, हव्या त्या जगात नेतो. होय, मी काळाचं यंत्र आहे. हसायचं ते मागून हसा, आधी ऐकून घ्या. मला थांबायची सवय नाही.

माझा जन्म लगबग नावाच्या जगात झाला. तिथे कोणी बसून जेवत नाही. लोक चालता चालता जेवतात, उभ्याने झोपतात, आणि भेटल्यावर 'या' म्हणायच्या आधी 'निघतो' म्हणतात. घरांना उंबरे नाहीत, कारण उंबऱ्याशी माणूस थबकतो. कारागिरांनी मला घडवलं तेही पळता पळताच. म्हणून मी कुठलंही रूप घेतलं तरी माझं काहीतरी वाकडं राहतंच.

मला चालवायचा तो प्रवासी ओझक. एरवी तोही वाऱ्यासारखा, पण त्याला एक मुलगी होती, इली, आणि तिला कसलीच घाई नव्हती. ती भिंत धरून उभी राही, भिंत धरून हसे, पण भिंत सोडून एक पाऊल टाकत नसे. लगबगमध्ये धावदिवस नावाचा दिवस असतो. त्या दिवशी चौकात जे मूल आपल्या पायांनी चालत नाही, त्याला आईबापापासून दूर चालायच्या शाळेत पाठवतात. इलीचा धावदिवस जवळ आला होता. ओझकने तिला सांगितलं, मी काहीतरी उपाय घेऊन येतो, आणि मला बाहेर काढलं.

आम्ही कुठे कुठे नाही गेलो! लेप आणले, काढे आणले, आपोआप चालणारे जोडे आणले. इलीने जोडे काढून भिंतीपाशी नीट मांडून ठेवले. मला वाटायचं, ओझकने निदान ही शोधाशोध तरी लवकर आटोपावी. कारण एक नियम मोडता येत नाही: सगळ्या जगांचा काळ मी मागे-पुढे फिरवू शकतो, पण स्वतःच्या घरचा काळ मागे नेता येत नाही. तिथे उशीर झाला की झाला.

असेच एका दुपारी आम्ही तुमच्या जगात, सेलू गावी उतरलो. उतरल्याबरोबर आजूबाजूला जे सर्वांत जास्त दिसेल त्याचं रूप घ्यायचं, असा माझा शिरस्ता. तो नेमका तान्हा पोळा होता, म्हणून मी नंदी झालो. ओझक पाणी शोधायला गेला. तेवढ्यात अपेक्षा नावाची एक मुलगी आली. तिच्या नंदीचं चाक सकाळीच निखळलं होतं आणि ती रडून रडून लाल झाली होती. तिने मला एकटं पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या गळ्यात दोरी बांधली. तिला वाटलं, आपण ओढतोय. खरं तर मीच पळत होतो. एका जागी उभं राहणं माझ्या रक्तातच नाही.

पण मित्रांनो, पुढे माझी काय दशा झाली! माझ्या शिंगांना बेगड लावली, फुगे बांधले, पाठीवर झूल टाकली. मग दारोदार. प्रत्येक दारी थांबायचं, कुंकू लावून घ्यायचं, बोजारा मिळेपर्यंत उभं राहायचं. बोजारा म्हणजे नंदी दारी आला की मुलांना देतात तो खाऊ. एका दारचा खाऊ संपत नाही तोच दुसरं दार. इकडे इलीचे दिवस भराभर सरत होते आणि माझ्या तोंडाशी पुरणपोळी धरली जात होती. माझा जीव नुसता तळमळत होता.

शेवटी सजावटीच्या स्पर्धेसाठी सगळे नंदी बाजारचौकात रांगेने उभे केले. तिथे ओझक आला, घामाघूम. त्याच्यासमोर नुसते नंदीच नंदी, कितीतरी माझ्याएवढेच मोठे, सगळे एकसारखे सजलेले. तो प्रत्येक नंदीचं शिंग चाचपू लागला, वाकडं कोणतं ते पाहायला. अंगात चकचकीत कोट, चेहऱ्यावर काळजी आणि शिंगांची एवढी बारीक तपासणी! अपेक्षाचे आजोबा नत्थूजी हे सारं सांभाळत होते. त्यांनी ओळखलं की हे बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी ओझकच्या गळ्यात दुपट्टा घातला, हातात नारळ दिला आणि त्याला खुर्चीवर बसवलं. ओझक जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसला असेल. तो उठला की ते पुन्हा बसवत.

"साहेब, घाई नोका करू," नत्थूजी म्हणाले. "लेकरं सकाळपासून नटून उभी हायेत. सारेच नंदी पाहा लागन तुमाले."

तेव्हा ओझकने एकेक नंदी पाहिला. माझ्यापाशी आला, शिंगाला हात लावला आणि ओरडलाच, हाच! चौकात टाळ्या पडल्या. अपेक्षाला पहिलं बक्षीस मिळालं. मग त्याने हा नंदी आपलाच असल्याचं सांगितलं आणि टाळ्या थांबल्या. त्याच्या गळ्यातली पट्टी जिथे जाईल तिथली बोली बोलते. ती म्हणाली, "मले घरी जा लागते. पोरगी वाट पाहून राह्यली."

अपेक्षाने मान खाली घातली. तिने बक्षिसाची ढाल आजोबांच्या हातात परत दिली. "हा माह्या नाईच," ती म्हणाली. "एकटा उभा होता, म्हून घेऊन आली."

आता निघायचं, मी मनात म्हटलं. पण ओझक हलेना. तो माझ्या मागे पाहत होता. तिथे अपेक्षाचा धाकटा भाऊ आदेश, जेमतेम पाऊल टाकणारा, माझ्या दोरीचं टोक मुठीत धरून डुलत उभा होता. हा कोणाचा हात न धरता कसा उभा राहतो, ओझकने विचारलं.

"भित सोडतच नोहता," अपेक्षा म्हणाली. "आज्यानं त्याले या नंदीची दोरी धराले देल्ली, तवापासून चालून राह्यला."

ओझकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याकडे द्यायला फक्त तो नारळ होता. तो त्याने बोजारा म्हणून अपेक्षाला दिला. अपेक्षाने दोरी माझ्या गळ्यात तशीच राहू दिली.

आम्ही पोचलो तेव्हा धावदिवस सुरू झालेला होता. चौकाच्या कडेला इली भिंतीला टेकून होती आणि शाळेची गाडी उभी होती. माझं रूप बदलायलाही वेळ नव्हता. फुग्यांसकट, बेगडीसकट मी तिच्यासमोर उभा राहिलो. ओझकने दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. तिने एका हाताने दोरी धरली. दुसरा हात भिंतीवरच.

जगं ओलांडण्याचा जोर माझ्या चाकांत आहे. तो सगळा आवरून मी बोटभर पुढे सरकलो आणि थांबलो. पुन्हा बोटभर. घुंगरं वाजली. इलीने भिंत सोडली. शाळेची गाडी रिकामीच परत गेली.

त्यानंतर इलीने मला दुसरं रूप घेऊ दिलं नाही. लगबगची कितीतरी मुलं माझ्या दोरीला धरून चालायला शिकली. मग नवी यंत्रं आली आणि मी अडगळीत गेलो. धूळ खात उभं राहण्यापेक्षा मोडून पडलेलं बरं, असं वाटायचं. शेवटी इली मोठी होऊन स्वतः प्रवासी झाली. तिने मला बाहेर काढलं, तुमच्या जगाचा काळ मागे फिरवला आणि त्या पहिल्या भेटीनंतरच्या पुढच्याच तान्ह्या पोळ्याला मला अपेक्षाच्या दारात आणून उभं केलं.

तेव्हा मित्रांनो, सण संपला की मला माळ्यावर टाकू नका. तुमच्या गल्लीत भिंत धरून उभं असलेलं एखादं लेकरू असेलच. दोरीचं टोक त्याच्या हातात द्या आणि पुढून ओढू नका. मला घाई आहे, ती जाणार नाही. पण त्याने भिंत सोडेपर्यंत मी थांबेन.