उजवा पायमोजा

"तीनशे अठरा," तेत्सुओ कुजिराई म्हणाला.

"पुन्हा घे," मिनेगिशी साहेब म्हणाले.

त्याने पुन्हा घेतलं. काचेपलीकडे नवं इंजिन लोखंडी चौकटीत जखडलं होतं आणि कोंडलेल्या बैलासारखं डुरकत होतं. काटा चढत चढत गेला आणि तीनशे अठरा अश्वशक्तीवर जाऊन ठाण मांडून बसला. तेत्सुओने तिसऱ्यांदा घेतलं, तरी तेच. त्याला मनातून फार बरं वाटलं. तीन मोजमापं आणि तिन्ही एकाच आकड्यावर! पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला सुख म्हणून आणखी काय हवं असतं?

"झकास," साहेब म्हणाले. "आता कागदावर दोनशे ऐंशी लिही."

तेत्सुओला कामोशिता मोटर्सच्या मापनखोलीत लागून आठ महिने झाले होते. मिनेगिशी साहेबांना तिथे छत्तीस वर्षं झाली होती आणि मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. ही गाडी त्यांची शेवटची. जानेवारीत ती लोकांपुढे यायची होती आणि माहितीपत्रक छापखान्यात जायला एका कागदाचा अडसर होता. त्या कागदावर शिक्क्यांसाठी तीन चौकोन होते: मोजणाऱ्याचा, विभागप्रमुखाचा आणि सरकारी निरीक्षकाचा.

"पण साहेब, अडतीस घोडे गेले कुठे?"

"तबेल्यात. रस्त्यावर माणसं फार मरायला लागली, सरकारातले वरचे लोक डोळे वटारायला लागले, तेव्हा सगळ्या कंपन्यांनी एकमेकांना शब्द दिला. दोनशे ऐंशीच्या वर कुणी जायचं नाही."

"कायदा आहे का?"

"नाही."

"करार?"

"नाही रे बाबा. नुसता शब्द."

"मग शब्द दिला याला पुरावा काय?"

"सगळ्यांचा आकडा दोनशे ऐंशीच येतो, हाच पुरावा!"

तेत्सुओने मान हलवली, पण सहीच्या जागी उमटवायचा खिशातला शिक्का काही बाहेर काढला नाही. तो शिक्का त्याच्या वडिलांनी कोरला होता. यामानाशीच्या डोंगरातल्या एका गावात ते शिक्के कोरत. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यांनी हा डबीत घालून दिला आणि एवढंच म्हणाले, "खोट्यावर उमटवलास तर परत आणून दे. घासून सपाट करीन." वडील विनोद करत नसत.

हे सांगितल्यावर साहेब रागावतील असं तेत्सुओला वाटलं होतं. त्यांनी नुसता सुस्कारा टाकला. "दर चार-पाच वर्षांनी तुझ्यासारखा एक येतोच. म्हणजे काट्याने खरोखर दोनशे ऐंशी दाखवले, तर शिक्का मारशील?"

"काट्याने दाखवले तर नक्की."

साहेबांनी खालचा खण उघडला आणि एक पंचा बाहेर काढला. तो कुठल्याशा गरम पाण्याच्या झऱ्याकाठच्या विश्रामगृहातला असावा. मूळ रंग निळा असेल, पण आता त्याला तेल, काजळी आणि नऊ वर्षांचा काळ अशी तीन पुटं चढली होती. इंजिन ज्या नळीतून हवा ओढतं तिच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. साहेबांनी जाळीवर पंचा ताणून बसवला आणि वर पट्टा आवळला. श्वास कोंडलेलं इंजिन कुरकुरत वर गेलं आणि काटा बरोबर दोनशे ऐंशीवर थांबला.

तेत्सुओ थक्क झाला. हे खोटं म्हणावं तर काटा खरं बोलत होता. खरं म्हणावं तर मध्ये पंचा होता. त्याने पंच्याची जाडी मोजली, वजन केलं, आरपार जाणाऱ्या हवेचा आलेख काढला आणि शेवटी कबूल केलं, "साहेब, उपकरण म्हणून हे उत्तम आहे."

"मग ठरलं. अठ्ठावीस तारखेला निरीक्षक उशिओदा येतील, त्यांच्यासमोर एकदा काटा दाखवायचा. आणि शिक्का जरा डावीकडे कलता मार. शेजारी माझा असतो ना, त्याला वाकून नमस्कार केल्यासारखा."

"किती अंश?"

साहेबांनी छताकडे पाहिलं.

अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे वर्षाच्या कामाचा शेवटचा दिवस. त्या सकाळी सगळी कंपनी बाह्या सरसावून झाडलोट करते. वर्षाची घाण नव्या वर्षात न्यायची नाही, हा नेम. वरिष्ठ काचा पुसतात आणि सगळ्यात नवा असेल त्याच्या वाट्याला चिंध्या येतात. तेत्सुओने चिंध्या धुतल्या त्या त्याच्या पद्धतीने: पाणी साठ अंशांवर, साबण मोजून, तीनदा खळबळून. अकरा वाजता दोरीवर सव्वीस फडकी एका अंतराने वाळत होती. सव्विसावं निळंशार होतं.

साहेब दाराशी आले आणि त्या निळ्याकडे पाहतच राहिले.

"कुजिराई, हे काय आहे?"

"पंचा, साहेब. फार मळला होता."

"अरे, तो मळच तर मापात बसवलेला होता!"

तेत्सुओचा चेहराही धुतल्यासारखा पांढरा पडला. आठ महिन्यांत त्याने या खोलीतलं एकच उपकरण बिघडवलं होतं, ते साबणाने.

निरीक्षक उशिओदा दोन वाजता येऊन शेजारच्या खोलीत चहा आणि संत्री घेऊन बसले. इकडे इंजिन सुरू झालं. धुतलेला पंचा: तीनशे एक. दुहेरी घडी: दोनशे बासष्ट.

"दीड घडी घाल," साहेब कुजबुजले.

"दीड घडी नसते, साहेब."

"मग माझा रुमाल लाव."

एकेरी पंचा अधिक रुमाल: दोनशे त्र्याण्णव. साहेबांचा गळपट्टा त्यांच्या बायकोने जाड विणीचा विणला होता, त्याने एकदम दोनशे एकेचाळीस.

"बायको संसारही असाच घट्ट विणते," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "कुजिराई, संपलं बघ. तुझा तीनशे अठरा लिही आणि मार शिक्का. गाडी लटकली तर लटकली. खोट्यावर शिक्का मारायला लावून तुझ्या वडिलांना मी कसं तोंड दाखवू?"

तेत्सुओला हे सहन होईना. पंच्याच्या वर एकवीस घोडे अडवील असं कापड हवं होतं, रुमालापेक्षा दाट आणि गळपट्ट्यापेक्षा विरळ. त्याने खाली पाहिलं, खुर्चीत बसला आणि उजवा बूट काढला.

लोकरी पायमोजा जाळीवर ताणून बसला. इंजिन वर गेलं. दोनशे सत्तर, पंच्याहत्तर, दोनशे ऐंशी. काटा थांबला.

"अरे वा," मागून आवाज आला.

निरीक्षक उशिओदा हातात संत्र्याच्या फोडी घेऊन दारात उभे होते. त्यांनी काट्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि मग तेत्सुओच्या उघड्या पायाकडे. मिनेगिशी साहेब माफीसाठी एवढे वाकले की त्यांचा चेहराच दिसेना.

तेत्सुओने कागद ओढला. आकडा लिहिला: दोनशे ऐंशी. आजवर कोराच राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात त्याने बारीक अक्षरांत लिहिलं: "हवेच्या नळीवर सुती पंचा एक, धुतलेला, एकेरी. त्यावर लोकरी पायमोजा एक, सव्वीस सेंटिमीटर. हे काढल्यास ३१८." मग डबी उघडली आणि शिक्का मारला. पंधरा अंश कलता.

निरीक्षकांनी चष्मा लावून शेरा वाचला. मग पुन्हा वाचला. खोलीत इंजिन गार होताना टिकटिक करत होतं.

"यात एक त्रुटी आहे," ते म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले.

"डावा की उजवा?"

"उजवा, साहेब."

"मग तसं लिहा. मोजमाप पुन्हा करता आलं पाहिजे." तेत्सुओने 'उजवा' भरल्यावर त्यांनी शिक्का मारला आणि शाईवर फुंकर घातली. "अकरा वर्षं मी हे कागद तपासतोय. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. आकडा दोनशे ऐंशी आहे, काटाही दोनशे ऐंशी आहे. शेरा वाचायचा की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं." जाता जाता ते वळले. "आणि मिनेगिशीसान, पंचा आणि पायमोजा कागदाला जोडून ठेवा. मापनाची साधनं आहेत. आता कुणी धुवायची नाहीत."

अशा रीतीने पायमोजा मोहोरबंद पाकिटात गेला.

तेत्सुओ त्याच संध्याकाळी नव्या वर्षासाठी गावी निघाला. पाय बुटात होता तोवर कुणाला काही कळलं नाही. पण घराच्या उंबऱ्याशी बूट काढावेच लागतात. वडील समोरच उभे होते. त्यांनी एक पाय पाहिला, मग दुसरा.

"पायमोजा कुठाय?"

"ऑफिसच्या कागदाला जोडलाय."

 वडिलांनी हात पुढे केला. तेत्सुओने डबी दिली. त्यांनी शिक्का दिव्याखाली धरला, कडेला सुकलेली लाल शाई पाहिली.

"कागद खरा होता?"

"शब्द न् शब्द. पायमोज्यासकट."

वडिलांनी शाई बोटाने पुसली, डबी बंद केली आणि परत त्याच्या हातात ठेवली.

"आत ये," ते म्हणाले. "आणि आईला आधी हेच सांग. हा जोड तिने विणला होता."