सेनापती मार्ग

जमावाने सत्ता गमावलेल्या म्हाताऱ्या सेनापतीला गाडीतून ओढून काढलं, तेव्हा इस्त्रीवाली बाई डॉक्टरांच्या सदऱ्याची कॉलर दाबत होती. सेनापतीचं कपाळ फुटलं होतं, एका पायात बूट नव्हता. त्याच्याच नावाच्या पाटीखाली आणून लोकांनी त्याला गुडघ्यांवर बसवलं.

रस्ता मोठा देखणा. आठ गाड्या शेजारी शेजारी जातील एवढा रुंद, दुतर्फा झाडं. पण चाळीस वर्षांपूर्वी इथे इस्त्रीवालीची गल्ली होती. सत्तावीस घरं आणि एक नळ. सेनापतीच्या मनात आलं, की महालापासून नदीपर्यंत नाकासमोर रस्ता हवा. घरं सोडायला एक दिवस मिळाला. तिचा नवरा दारात आडवा उभा राहिला. निदान महिनाभर तरी द्या, एवढंच म्हणत होता. शिपायांनी तिच्या डोळ्यांदेखत त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी ठेचून मारलं आणि घराची भिंत त्याच्यावरच पाडली. मातीवरून रोलर फिरला. भाऊ न्यायला आला, तर ती म्हणाली, तो इथेच आहे, मी कुठे जाऊ? आपल्या घराच्या उंबऱ्याचा अंदाज घेऊन तिने पदपथावर इस्त्रीचं टेबल मांडलं.

हे सगळं समोरच्या बेकरीवाल्याला ठाऊक होतं. त्याने तिचा हात धरून तिला गर्दीतून पुढे आणलं, तळव्यावर दगड ठेवला.

"मावशी, पहिला तुझा."

या माणसाचं मरण तिने रोज चिंतलं होतं. ती वाकली.

"इथे एक गल्ली होती. तिचं नाव सांग."

तो जिवाच्या आकांताने आठवू लागला. ओठ हलले, विजार ओली झाली.

"आठवत नाही, बाई. गल्ल्या पुष्कळ होत्या."

तिचा हात वर उठेना. तिने दगड खाली ठेवला.

"ह्याला जिवंत ठेवा," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "कोर्टात उभा करा. एकेका गल्लीचं नाव ह्याच्याकडून पाठ करून घ्या."

बेकरीवाल्याने तिला हळूच, आईला सरकवावं तसं बाजूला सरकवलं. पहिला दगड मागून कुणीतरी मारला. मग मोजदाद राहिली नाही. आधी किंकाळ्या येत होत्या, मग नुसते दगडांचे आवाज. ती टेबलाला धरून उभी होती. डोळे मिटता येत होते, कान मिटता येईनात.

आठवड्याने नव्या समितीची माणसं पाटी घेऊन आली. पाटीवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. बेकरीवाला सर्वांत पुढे होता, छातीला फीत लावून.

"त्याचं नाव नको," ती म्हणाली. "त्याला इथे मारलं, आणि आता तुम्हीही इथेच माणूस मारलात."

ठराव झालाय, मावशी, असं म्हणून त्यांनी पाटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबल उचललं आणि मागच्या बोळात नेऊन मांडलं. बोळाला नाव नव्हतं. गिऱ्हाइकांनी पत्ता विचारला, की ती नुसता हात करून दाखवायची.