लिंबांच्या खड्ड्यातलं घरचं डिझेल

खोटं बोललात तुम्ही, मंत्रीसाहेब. टाय बांधून, मागे झेंडा लावून, टीव्हीवर सांगितलंत की यंदा फर्गाना खोऱ्यात गॅस तासभरसुद्धा जाणार नाही. गेला. कडाका पडला त्याच सकाळी गेला, आणि जाताना विजेलाही घेऊन गेला. तुमच्या घरचा गेला नसणार, म्हणून आमच्याकडे काय झालं ते कळवते.

आमची लिंबं जमिनीखाली राहतात. माणूस उभा राहील एवढा लांबलचक खड्डा, वर काचेचं छप्पर, आत सासऱ्यांनी लावलेली झाडं. हिवाळ्यात आत ऊब लागतेच. गारठा एकदा शिरला की झाड काळं पडतं, आणि पुन्हा लिंबू दिसेपर्यंत वर्षं जातात. आमचं घर त्या झाडांवर चालतं. दुसरं काही नाही आमच्याकडे.

तुमच्या शब्दावर माझा विश्वास नव्हताच. म्हणून मी आणि माझा नवरा तोल्मास, आम्ही द्राक्षं उतरली तेव्हापासून अंगणात डिझेल करत होतो. बाजारात मासे तळून काळं झालेलं सरकीचं तेल आणायचं, फडक्यातून गाळायचं, पाण्याचा अंश उडेपर्यंत तापवायचं. ते कोमट झालं की मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात ओतायचा आणि हात भरून येईतो ढवळायचं. मग ठेवून द्यायचं. काळं चिकट ग्लिसरीन तळाला बसतं, ते खालच्या तोटीनं काढून टाकायचं. वर उरतं ते डिझेल, पण त्यात साबण असतो, म्हणून त्याला पाण्यानं धुवायचं, पुन्हा धुवायचं, निथळलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटी सुकवायचं. बरणीतून पलीकडची भिंत दिसली की झालं.

"नवऱ्याचे सदरे कधी इतके धुतलेस का ग?" सासूबाई विचारायच्या.

"सदऱ्यावर शेगडी पेटत नाही, आया." आमच्याकडे सासूला आया म्हणतात.

मासेवाल्यांचं तेल पुरेना. तेव्हा शेजारचे मामासोली आका मदतीला आले; आका म्हणजे थोरला भाऊ. आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नाचा पलाव त्यांच्या हातचा. उरलेलं तेल डब्यात भरून ते स्वतः आणून द्यायचे आणि मिशीत हसायचे. आम्हाला वाटलं, चांगुलपणा. तो होताच. पण नुसता चांगुलपणा नव्हता.

तर त्या सकाळी गॅस गेला. तोल्मासनं थेंबाथेंबानं तेल पडणारी शेगडी खड्ड्यात उतरवली, टाकी भरायला बाहेरचा डबा तिरका केला. काही पडेना. झाकण काढून पाहिलं तर आत पांढराशुभ्र गोळा.

त्यानं मला हाक मारली, "मुहय्यो, हे बघ. हे डिझेल आहे की ईदचा हलवा?"

मी बोट घातलं. मऊ, गारढोण. नाकाशी नेलं आणि ओळखलं. जाऊन मामासोली आकांना ओढतच आणलं.

"आका, तेलात काय घातलं होतंत?"

"काय घालणार? मेंढीच्या शेपटीची चरबी. चांगली पिवळी, वितळवून. प्रत्येक डब्यात."

"पण का?"

"का म्हणजे? नुसतं सरकीचं तेल कोणी कुणाला देतं का? माझी काही अब्रू आहे की नाही?"

"अहो, शेगडीला द्यायचं होतं ते!"

"मग? तुमच्या दारी पहिल्यांदा आली ना ती? पाहुणीच की!"

तोल्मास हसायला लागला. मला त्याला मारावंसं वाटलं, कारण काचेवर आतून बर्फाची फुलं उमटायला लागली होती. द्राक्षांच्या दिवसांत उबेत सगळं पातळच होतं, त्यामुळे कुणालाच कळलं नव्हतं. आता सगळे डबे थिजलेले.

मामासोली आकांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग ते लग्नाच्या मांडवात ओरडतात तसे ओरडले, "मोठी कढई आणा! लाकडं आणा! बघता काय, हशर आहे!"

आमच्याकडे हशर म्हटलं की कुणी घरात बसत नाही. एकाचं काम सगळ्यांचं होतं. कुणी जर्दाळूची लाकडं आणली, कुणी पाणी. कढईत पाणी उकळलं, विस्तव लांब ओढला, मग डबे त्या पाण्यात उभे केले. हळूहळू पांढऱ्याचं पिवळं झालं. टाकी भरली, शेगडी पेटली, सगळे ओरडले. आणि विझली. टाकीपासून शेगडीपर्यंतच्या नळीत चरबी पुन्हा गोठली होती.

तेव्हा सासूबाई खड्ड्याच्या पायऱ्या उतरल्या. एका हातात तापलेला सामोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा निखाऱ्यांचा बंब, खांद्यावर माझ्या लेकीच्या लग्नासाठी शिवलेल्या रेशमी दुलया.

"आया, त्या तेलकट होतील!"

"होऊ देत. लिंबं मेली तर लग्न काय तुझ्या कॉस्टिक सोड्यावर लावणार? धर."

टाकीला दुलई, नळीला दुलई, मधे सामोवार. शेगडी पुन्हा पेटली आणि पेटलेलीच राहिली. काचेवरची फुलं घामासारखी ओघळली. थोड्या वेळानं खड्डाभर असा वास सुटला की, जणू लिंबाच्या झाडाखाली कुणी पलाव चढवलाय. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी कढई घासून मामासोली आकांना खरोखरच पलाव करावा लागला.

"यात चरबी घालू का?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"घाला, आका. इथे हवी तेवढी घाला."

थंडी सरेपर्यंत आम्ही पाळीपाळीनं सामोवार तापता ठेवला. दाराजवळची दोन झाडं गेली. बाकी सगळी जगली, आणि आता फुललीत.

मग तुमचा माणूस आला. चांगला वेळ आमच्या शेगडीशी हात शेकले, चहा प्यायला, लिंबू पिळून घेतलं, आणि उठताना म्हणाला, परवान्याशिवाय इंधन करणं गुन्हा आहे, बंद करा. परवाना कुठे मिळतो, विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

म्हणजे गॅस तुम्ही देणार नाही आणि डिझेल आम्हाला करू देणार नाही. मग पुढच्या कडाक्यात माझी झाडं कशावर जगवायची? उत्तर द्या. टीव्हीवरून नको. इथे या, पायऱ्या उतरा, या झाडांसमोर उभे राहा आणि सांगा.